डिलिसच्या झाडाची छाटणी

पानं पूर्ण गळल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही, हा क्लेम प्रीसचा नियम. ब्रिन्सफोर्डच्या गावबागेत तो सगळे पाळायचे, कारण क्लेमशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नव्हतं. एखादा हौशी माणूस ऑक्टोबरातच कात्री घेऊन हजर झाला की क्लेम त्याला विचारायचा, "काय राव, झाड जागं आहे अजून. तुझी दाढ काढतात तेव्हा तू जागा असतोस का?" दाढ जागेपणीच काढतात, हे सांगायची त्या बिचाऱ्याची छाती व्हायची नाही. तो निमूट घरी जायचा.

या वर्षी पानं नोव्हेंबर सरता सरता गळली, आणि क्लेमला ते कळलं. नेस्टाला त्याचंच नवल वाटलं. त्याला वार कळत नव्हता, महिना कळत नव्हता, सकाळी आधी मोजे की आधी बूट यात तो अडकून बसायचा. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यानं बागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "झोपली सगळी. बाई, माझी करवत कुठं ठेवलीत तुम्ही?"

बाई म्हणजे नेस्टा. जन्म गेला त्याच्याशी संसार करण्यात, आणि आता घरात ती बाई होती. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो, पण मला आता घरी जायला हवं. माझी बायको वाट बघत असेल." हे रोजचं. आधी आधी ती सांगायची, अरे मीच तुझी बायको, हेच आपलं घर. त्यावर तो इतक्या अदबीनं मान हलवायचा, भ्रमिष्ट बाईची समजूत घालावी तशी, की तिनं सांगणंच सोडलं. संध्याकाळ झाली की तो दाराच्या कडीशी झटायचा, कधी रडायचा. मोठा बाप्या माणूस रडताना बघवत नाही. तिलाही बघवायचं नाही, पण बघायला दुसरं होतं कोण?

बागेत मात्र निराळं. फाटक ओलांडलं, हातात करवत आली, की तो पहिल्या झाडाभोवती हात मागे बांधून चक्कर मारायचा आणि वर बघता बघताच म्हणायचा, "नेस्टा, अगं ती हातगाडी इकडे ओढ जरा. आणि पायाखाली बघ, सगळं निसरडं झालंय. पडलीस तर उचलणार कोण तुला? चांगली वजनदार झालीयेस." आणि नेस्टाचा जीव भांड्यात पडायचा. वजनदार तर वजनदार. थर्मासमधला चहा संपून अंगात थंडी भरेपर्यंत ती नेस्टा असायची, आणि तेवढ्या शिदोरीवर उरलेला दिवस काढायची.

हेरेफर्डच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हापासून एकेक वस्तू क्लेमकडून जात चालली होती. आधी मोटारीची किल्ली गेली. मग बंदूक. मग बागेतली शिडी. तिच्या खोपटाची किल्लीच बागेच्या समितीनं आपल्याकडे घेतली. उरली होती ती करवत. मिटवून खिशात टाकायची, वाकड्या पात्याची, मूठ त्याच्या तळव्याइतकी झिजलेली. ती गेली की आपणही गेलो, हे नेस्टाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फाटकाला लागून ब्रॅमली सफरचंदाचं जुनं, हाताला लागतील इतक्या खाली फांद्या वाकलेलं झाड होतं. सगळ्या गावाच्या हिवाळ्यातल्या ॲपल-पायला त्याची आंबट सफरचंदं लागायची. क्लेम सुरुवात नेहमी तिथूनच करायचा. आधी मेलेल्या फांद्या, मग रोगट, मग एकमेकींना घासणाऱ्या. काम झालं वाटलं की डोक्यावरची टोपी काढायची आणि झाडाच्या मधून भिरकवायची. टोपी कुठं न अडकता पलीकडच्या गवतात पडली, की झाड झालं. टोपी आणायचं काम नेस्टाचं. टोपी आली की तो ती झटकून डोक्यावर ठेवायचा आणि करवत मिटवायचा.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ब्रॅमलीपाशी थांबला.

"हे राहिलंय वाटतं."

"क्लेम, हे काल झालं."

"झालं? कुणी केलं? माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही याला." त्यानं चक्कर मारली, डोकं तिरपं करून पाहिलं. "ही बघ. ही आत वळलीये. उद्या त्या दुसरीवर चढेल."

आणि त्याचं खरंच होतं. छाटलेल्या झाडात नेहमीच आणखी एक फांदी जास्तीची दिसते. ती काढली की दुसरी दिसते. ज्यानं म्हणून कधी झाड छाटलंय त्याला हे माहीत आहे. त्याला थांबवते ती कालची आठवण, की बाबा, काल बरंच काढलंय, आता पुरे. क्लेमकडे काल नव्हता. त्याचा प्रत्येक घाव बरोबर होता, जिथं हवा तिथंच, साल न सोलता, आणि ब्रॅमली दिवसेंदिवस रोडावत चाललं होतं. नेस्टानं त्याला दुसऱ्या झाडांकडे वळवून पाहिलं. तो जायचा, एखादं झाड नीट करायचा, आणि परत फिरून ब्रॅमलीपाशी यायचा. ती मुकाट्यानं फांद्या गोळा करायची आणि कुणी बघायच्या आत कोपऱ्यात जाळून टाकायची. धूर डोळ्यांत जायचा. तिनं त्याला बोथट करवत देऊन पाहिली, तर पहिल्याच ओढीला तो थांबला. "कुणी लोणी कापलं का हिच्यानं?" म्हणाला, आणि खिशातून कानस काढून दगडावर बसून अर्धा तास धार लावत राहिला. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

लपवायचं तरी किती? डिसेंबरात रोलंड प्रॉबर्ट फाटकातून आत आला आणि ब्रॅमलीसमोर उभाच राहिला. रोलंड समितीचा प्रमुख, क्लेमचा शाळेपासूनचा दोस्त. करवत कशी धरायची हे त्याला क्लेमनंच शिकवलेलं, तेही टपल्या मारून.

"नेस्टा, हे काय?"

"छाटणी."

"ही छाटणी? अगं, अर्धं झाड कुठं गेलं?"

क्लेम लांबच्या रांगेत होता. नेस्टा हलक्या आवाजात बोलली. "त्याचा एकही घाव चुकलेला नाही. बघ तू जवळून."

"तेच तर! चुकला असता तर मी त्याला ओरडलो असतो." रोलंडनं टोपी मागे सारली. तो चिडला होता, पण कुणावर चिडावं हे त्याला समजत नव्हतं. "आता वसंतात नुसते धुमारे फुटतील. दोन वर्षं फळाचं नाव नको. हे झाड गावाचं आहे, नेस्टा. तुझं नाही, माझं नाही. लोक मला विचारणार."

"मग काय करू? घरात कोंडू त्याला?"

"करवत काढून घे."

"तू घे ना. जा, तो बघ तिथं उभा आहे. तुझाच दोस्त आहे. जा आणि माग."

रोलंड गेला नाही. गवतातलं एक सडकं सफरचंद बुटाच्या टोकानं ढकलत राहिला. मग म्हणाला, "वॉसेलचा सण होऊ दे. जानेवारीत वॉसेल झालं की मात्र मी येईन आणि घेऊन जाईन. तोवर तरी आवर त्याला."

नेस्टानं त्या रात्री काही ठरवलं असं नाही. ते तिला दुसऱ्या दिवशी बागेत, टोपी आणायला जाताना सुचलं. ती तशीच रोलंडच्या घरी गेली. रोलंडची बायको हिल्डा नाताळच्या फराळाचे मिन्स पाय भाजत होती, तिच्यासमोरच नेस्टा म्हणाली, "त्याला एक झाड दे. एकच. बाकी कशाला तो हात लावणार नाही, ते मी बघते."

"कुठलं झाड?"

"आमचं."

रोलंड खुर्चीत बसला. हिल्डानं ओव्हनचं दार लावलं.

बाग गावानं विकत घेतली तेव्हा नियम झाला होता, की जुनी झाडं सगळ्यांची, आणि दर घरानं एक नवं झाड लावायचं; त्या झाडाच्या बाबतीत त्या घराचा शब्द शेवटचा. क्लेम आणि नेस्टानं लावलं ते डिलिससाठी. डिलिस त्यांची एकुलती एक लेक. त्याच वर्षी वसंतात मेंदूज्वरानं गेली, अकरा वर्षांची पोर, दोन दिवसांत होत्याची नव्हती झाली. तिला एक छोटं पिवळं सफरचंद आवडायचं, अननसाच्या चवीचं, रोलंडच्या वडिलांच्या कुंपणावरून ती ते चोरून आणायची आणि खिसे भरून शाळेत न्यायची. म्हणून त्याचंच कलम लावलं. खड्डा क्लेमनं एकट्यानं खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. झाड फार वाढणाऱ्या जातीचं नव्हतं. क्लेमनं हात उंचावला की जवळजवळ शेंड्याला लागायचा. दर सप्टेंबरात गावातली पोरं त्याखाली जमायची आणि नेस्टा त्यांना हाकलायची नाही.

"तुझं डोकं फिरलंय," रोलंड म्हणाला.

"असेल."

"निदान चार काड्या मला ठेवू दे. मार्चात दुसरं कलम बांधू. सफरचंद तेच येईल."

"सफरचंद तेच येईल रे. पण तो खड्डा क्लेमनं खणलेला नसेल. नको."

"नियम नियम आहे," रोलंड म्हणाला. "तुमचं झाड, तुमचा शब्द. करवत तेवढ्यापुरती राहू दे." आणि उठून बाहेर गेला. त्याचे डोळे भरले होते, आणि हिल्डासमोर रडायची त्याला सवय नव्हती.

मग रोज सकाळी नेस्टा क्लेमला फाटकातून आत आणायची, त्याचा हात धरून, गप्पांच्या नादात ब्रॅमलीवरून पुढं काढायची आणि थेट कुंपणाच्या कडेला, डिलिसच्या झाडापाशी. तो चक्कर मारायचा. "नेस्टा, याच्याकडे कुणी बघितलंच नाही की काय यंदा?" आणि कामाला लागायचा.

खोटं कशाला सांगायचं, त्या हिवाळ्यात ती सुखी होती. थंडी अशी की सकाळी गवत पायाखाली कुरकुरायचं, उत्तरेकडून आलेले पक्षी थव्यानं उतरून सडकी सफरचंदं टोचत बसायचे, आणि क्लेम बोलायचा. जुन्या गोष्टी, रोलंड ओढ्यात पडला ती, नेस्टाच्या बापानं त्याला पहिल्या भेटीत दाराबाहेर उभं ठेवलं ती. तिच्या स्वयंपाकाची टिंगल करायचा. एकदा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "तुझ्याशी लग्न केलं म्हणून एवढा पाणचट चहा नशिबी आला. दुसऱ्या कुणाचा मी प्यालो नसतो." घरी गेल्यावर हाच माणूस तिला विचारणार होता, बाई, तुम्ही इथं किती वर्षं कामाला आहात. पण ते घरी गेल्यावर.

फुकट मात्र काही नव्हतं. ज्या दिवसांत ती नेस्टा होती, त्या दिवसांत डिलिसही होती. "डिलिस शाळेतून आली नाही अजून?" तो फांदी कापता कापता विचारायचा. पहिल्यांदा नेस्टानं खरं सांगितलं. तो गवतात बसला. आत्ताच कुणीतरी येऊन बातमी दिल्यासारखा बसला, आणि तिला त्याच्याशेजारी बसून ते सगळं पुन्हा सोसावं लागलं. जेवणापर्यंत तो विसरला. ती विसरली नाही. पुढच्या वेळेपासून ती म्हणायला लागली, "येईल." तो म्हणायचा, "उशीर झाला तर तू ओरडू नकोस, मी बोलतो तिच्याशी." आणि डिलिसच्याच झाडाची फांदी तिच्या हातात द्यायचा, गाडीत टाकायला.

वॉसेल आलं. जानेवारीत झाडं जागी करायला सगळा गाव पातेली आणि डाव घेऊन बागेत जमतो, पोरांना तेवढाच धिंगाणा घालायला मिळतो. थोरल्या झाडाच्या मुळांशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतायचं, सायडरमध्ये बुडवलेला भाजलेला पाव त्याच्या बेचक्यात ठेवायचा, रॉबिन पाखरासाठी. पाव ठेवायचा मान वर्षानुवर्षं क्लेमचा. बंदूक त्याच्याकडून गेली होती, पण हा मान कुणी काढला नव्हता. दिवेलागणीला रोलंडनं पाव त्याच्या हातात दिला आणि सगळे ब्रॅमलीकडे तोंड करून उभे राहिले.

क्लेम ब्रॅमलीवरून पुढं गेला. पातेल्यांचा आवाज एकेक करून थांबला. तो कंदिलाच्या उजेडात गवत तुडवत कुंपणापर्यंत गेला, आणि डिलिसच्या झाडात, तीन आखूड फांद्या उरल्या होत्या त्यांच्या बेचक्यात, त्यानं पाव ठेवला. नीट बसेना म्हणून दोनदा सरकवला. बऱ्याच जणांनी ते झाड त्या दिवशीच पाहिलं. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मग रोलंडनंच आपल्या पातेल्यावर डाव आपटला, जोरात, आणि बाकीच्यांनी तो आवाज उचलला.

हिल्डा गरम सायडरचा पेला घेऊन नेस्टाच्या शेजारी येऊन उभी राहिली. हिल्डाला मनात ठेवणं कधी जमलं नाही.

"एक बोलू? राग येईल तुला."

"आला तर येईल."

"हे तू त्याच्यासाठी करतेस असं सगळ्यांना वाटतंय. मला नाही वाटत. त्याला काय, उद्या करवत गेली तर परवा तो ती विसरेल. हे तू तुझ्यासाठी करतेस. घरात त्याच्यासमोर बाई होऊन बसायची तुझी तयारी नाही."

नेस्टाला खरंच राग आला, कारण ते खरं होतं. "तुझा नवरा तुला रोज नावानं हाक मारतो," ती म्हणाली. "त्याच्याशी भांड, त्याला शिव्या घाल, पण मला शिकवू नकोस." हिल्डा तिथंच उभी राहिली. तिनं आपला पेला नेस्टाच्या हातात दिला, आणि नेस्टानं तो घेतला.

पण शब्द आत जाऊन बसला होता. त्यानंतर प्रत्येक सकाळी घरातून निघताना नेस्टाचा पाय अडखळायचा. तीन फांद्या उरल्यात. दोन उरल्यात. अजून सोडलं तर झाड जगेल, क्लेमनंच शिकवलं होतं तिला, एवढ्यावरून झाड पुन्हा उभं राहतं, चिवट असतं ते. आज करवत देणार नाही, आज म्हणणार की हरवली. आणि दारातून बाहेर पडताना क्लेम त्या परक्या, अदबशीर आवाजात विचारायचा, "बाई, आपण कुठं निघालोय?" की तिचा हात आपोआप कोटाच्या खिशात जायचा. देते, आजच्या दिवस देते, उद्यापासून नाही.

शेवटची फांदी होती तेव्हा तिनं तिच्यावर हात ठेवला. फेब्रुवारी अर्धा झाला होता. फांदीवरचे डोळे हाताला जाणवण्याइतके फुगले होते.

"ही राहू दे, क्लेम."

"अगं, एकटीच आहे ती. सगळा भार एका अंगाला. वारा आला की झाडाला चिरत नेईल."

"माझ्यासाठी राहू दे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला ओळखणारे डोळे होते ते, थोडे थट्टेखोर. "नेस्टा, तू अशीच. झाडाची कीव केलीस तर झाड मरतं, किती वेळा सांगितलं तुला?" त्यानं तिचा हात हळूच उचलला, आपल्या हातात धरून त्यावर फुंकर मारली, गार पडला होता म्हणून. मग फांदी कापली. कापलेल्या जागी आत तपकिरी डाग दिसला. "बघ. रोग उतरलाय खाली. आता स्वच्छ लाकूड लागेपर्यंत जायला हवं." तो गुडघ्यांवर बसला, आणि स्वच्छ लाकूड शोधत खाली खाली गेला, थांबत, दम घेत, ते पाऊस सुरू होईपर्यंत. कलमाची गाठ जमिनीजवळ होती. तो तिच्याही खाली गेला. तिथून आता काही फुटलं असतं तर ते रानटी फुटलं असतं, डिलिसचं नाही. नेस्टाला ते कळत होतं, आणि ती हातगाडीचा दांडा धरून उभी होती, आणि त्या सगळ्या वेळात तो तिच्याशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. ती त्याला घेऊन आली, कारण न येऊन काय करायचं हे तिला सुचलं नाही. वाटेत तिनं करवत त्याच्या हातात दिली. बागेत इतर झाडं आहेत, तिनं मनाशी म्हटलं, रोलंडच्या हातापाया पडू.

कुंपणाशी येऊन तो थांबला. मागे हात बांधून त्यानं बुंध्याभोवती चक्कर मारली. मग वाकला, अंगठ्यानं कापलेला पृष्ठभाग चाचपला, कडेची साल चाचपली. बराच वेळ तो उठला नाही.

"कुणी केलं हे?"

नेस्टा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काम येणारा माणूस आहे. साल कुठं सुटलेली नाही. घाव बघा किती साफ आहे. असा हात मी या गावात दुसरा पाहिला नाही." त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. "मग थांबला का नाही तो? बाई, हे कुणा मुलीचं झाड होतं ना? तिच्या बापानं लावलेलं?"

"हो."

"त्याला कळलंय?"

"नाही."

"बरंय." तो उठायला लागला, त्याला जमेना, तिनं त्याला काखेत हात घालून उभं केलं. तिच्या मदतीबद्दल त्यानं तिचे आभार मानले, परक्या बाईचे मानावेत तसे. मग करवत तिच्यापुढं धरली, मूठ तिच्याकडे करून. "ही घ्या. मी अशा बागेत काम करत नाही, जिथं हे चालतं. त्या माणसाकडूनही काढून घ्यायला हवी होती."

"पुढची रांग राहिलीये," नेस्टा म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण करणार? चल ना. चल क्लेम, एकच झाड."

"नको." तो बुंध्याकडेच बघत होता. "त्याच्या घरी कुणी नव्हतं का?"

"होतं. बायको होती."

"तिला दिसत नव्हतं?"

"रोज दिसत होतं."

"मग तिनं का नाही थांबवलं?"

नेस्टानं करवत त्याच्या हातून घेतली. मूठ अजून त्याच्या हातानं उबदार होती. "करवत काढून घेतली असती तर तो तिला विसरला असता," ती म्हणाली. "तिला ते सोसलं नसतं. म्हणून तिनं झाड जाऊ दिलं."

क्लेम विचार करत राहिला. कठीण काम समोर आलं की करायचा तसा, ओठ मुडपून, अगदी मन लावून. कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"मग तिला कुणी काही बोलू नका," तो म्हणाला. "सांगाल ना तुम्ही गावात सगळ्यांना?"

"सांगेन," नेस्टा म्हणाली.